भिंतीवरचे दोन शब्द

१

नंदा रायरीकरचा फोन आला तेव्हा पद्मिनीबाई सोऱ्याला चिकटलेलं चकलीचं पीठ खरवडत होत्या. तो शनिवार होता. दिवाळी येत्या आठवड्यात होती आणि निवडणूक तिच्याही आधी, मंगळवारी.

"काकू, घरी या. आत्ता या," एवढंच बोलून नंदाने फोन ठेवला.

रायरीकरांचं घर रस्त्याच्या वळणावर. सकाळपासून पावसाची रिपरिप चालली होती आणि हिरवळीचा नुसता चिखल झाला होता. पद्मिनीबाई दारात बूट काढून आत गेल्या आणि पायऱ्यांवरून खाली फॅमिली रूममध्ये डोकावताच जागच्या जागी थांबल्या.

गेले तीन महिने ही खोली म्हणजे नंदाच्या प्रचाराचं ऑफिस होती. आता लांब टेबल उलथून पडलं होतं. फोनच्या तारा ओरबाडलेल्या, खुर्च्या आडव्या. नंदाचा हसरा चेहरा असलेली निळी पोस्टरं टराटरा फाडून सगळ्या कार्पेटभर पसरली होती. मागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर उघडणारं काचेचं दार फुटलं होतं आणि तिथून थंडगार वारा आत येत होता. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर लाल स्प्रेने इंग्रजीत दोन शब्द लिहिले होते. गो होम. घरी जा.

नंदा पायरीवर बसून होती. न्यू जर्सीतल्या या हार्लन ब्रूक टाउनशिपच्या कौन्सिलला उभी राहिलेली ती पहिली भारतीय बाई. एरवी तिला गप्प बसवायला दोन माणसं लागली असती. आत्ता ती त्या भिंतीकडे बघत होती आणि तिच्या हातातली प्रचाराची पत्रकं भिजून लगदा झाली होती.

"आम्ही दोघं ओक लेनच्या घरांमध्ये फिरत होतो," ती म्हणाली. "मी आणि केदार. संजीव एडिसनला गेलाय, सगळ्यांसाठी बटाटेवडे आणायला. घरात कोणीच नव्हतं."

केदार हा नंदाच्या प्रचाराचा कर्ताधर्ता. मूळचा नागपूरचा, तिशीतला, सॉफ्टवेअरमधला. तो खिडकीपाशी फोनवर होता. "चॅनेलवाले निघालेत, नंदाताई! कॅमेऱ्यासकट!"

"आणि पोलीस?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"त्यांना करतोच आहे काकू, एक मिनिट."

पद्मिनीबाईंच्या कपाळावर आठी पडली. साताऱ्याहून अमेरिकेत आल्यानंतरची वीसेक वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत क्लेम तपासण्यात घालवली होती. जळलेली घरं बघायची, फोडलेली दुकानं बघायची आणि समोरचा खरं बोलतोय की खोटं ते ठरवायचं. निवृत्त झाल्या तरी डोळ्यांची सवय मोडली नव्हती.

म्हणूनच त्यांना गणपती दिसला. प्रचाराचा नारळ फोडला त्या दिवशी नंदाने टेबलावर पितळेचा छोटा गणपती बसवला होता. टेबल उलथलं होतं, त्यावरचं सगळं खाली होतं, पण गणपती मात्र कोपऱ्यातल्या पुस्तकांच्या कपाटावर नीट उभा होता. त्याच्याखाली त्याचं लाल वस्त्रसुद्धा होतं.

"गणपती उचलून कोणी ठेवला गं?"

"केदारने ठेवला असेल."

केदार फोन कानाला लावूनच वळला. "मी? मी कशालाच हात लावला नाही. मला वाटलं, तुम्ही ठेवलात."

२

पोलीस आले, टीव्हीची गाडी आली आणि त्या दोघांच्या मधोमध संजीवही आला. वड्यांचे अॅल्युमिनियमचे ट्रे छातीशी धरून तो दारात उभा राहिला. नंदाचा नवरा, सहा फुटांचा, अबोल माणूस. नंदाच्या प्रचारात तो स्वयंपाक करायचा, गाडी चालवायचा, पाट्या ठोकायचा आणि भाषणाच्या वेळी शेवटच्या रांगेत बसायचा. भिंतीकडे एकदाच बघून त्याने ट्रे खाली ठेवले आणि तो नंदाशेजारी जाऊन बसला.

"झालं ना आता, नंदा?" तो हळूच म्हणाला. "सोडून दे हे."

"सोडू?" नंदाने मान वर केली. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज परत आला होता. "आता तर मुळीच नाही."

संशयित शोधायला पोलिसांना फार लांब जावं लागलं नाही. शेजारच्या घरात वॉल्टर होलब राहत होता. सत्तरीचा, बायको जाऊन दोन वर्षं झालेली. पंधरवड्यापूर्वीच्या जाहीर सभेत त्याने उभं राहून नंदाला सुनावलं होतं, "तुम्ही लोक यायच्या आधी या गावात शेतं होती!" ते वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं. रायरीकर भारतात जात तेव्हा त्यांच्या झाडांना पाणी घालायला वॉल्टरच यायचा, त्यामुळे त्यांच्या गॅरेजचा कोडही त्याला ठाऊक होता. आणि भिंतीवरचा लाल रंग हा आग विझवायच्या नळांना देतात तो रंग निघाला. गावच्या फायर कंपनीत पगारी माणसं नसत, गावातलीच मंडळी ते काम करत. नळ रंगवण्याचं काम वर्षानुवर्षं वॉल्टरकडे होतं.

त्याला अटक झाली नाही, पण चौकशीसाठी नेलं हे कॅमेऱ्याने टिपलं आणि तेवढं पुरे झालं. रविवारी सकाळी गल्लीतल्या हिरवळी नंदाच्या निळ्या पाट्यांनी भरून गेल्या. ज्यांनी आजवर दारसुद्धा उघडलं नव्हतं, ते लोक फुलं आणून देत होते. केदारच्या अंगात वारं संचारलं होतं.

दुपारी पद्मिनीबाईंच्या दारावर टकटक झाली. बाहेर वॉल्टर उभा होता. दाढी वाढलेली, डोक्यावरची टोपी हातात.

"मिसेस सोहोनी, तुम्ही विमा कंपनीत तपासाचं काम करायचात ना?"

"करायचे."

"मी हे केलेलं नाही." तो बराच वेळ टोपी फिरवत राहिला. "फायर हाउसने माझा आगीची वर्दी देणारा पेजर काढून घेतला. चौकशी संपेपर्यंत येऊ नको म्हणाले. बत्तीस वर्षं मी... जाऊ दे. सभेत मी बोललो ते बोललो. ते शब्द माझेच होते. पण मी कोणाच्या घरात शिरून त्यांच्या भिंतीवर लिहिणार नाही."

"आणि रंग?"

"माझं गॅरेज दिवसभर उघडं असतं. ज्याला जे लागेल ते तो घेऊन जातो. विचारायचंसुद्धा नाही, असंच मी सगळ्यांना सांगून ठेवलंय." तो परत जायला वळला आणि थांबला. "माझ्या मुलीने ओहायोहून फोन केला होता. तिने विचारलं, डॅड, खरं सांगा. माझी मुलगी, मिसेस सोहोनी. तिला विचारावंसं वाटलं."

तो गेला. पद्मिनीबाईंनी कोट चढवला आणि त्या रायरीकरांच्या घराकडे निघाल्या. गणपतीने कालपासून त्यांचा पिच्छा सोडला नव्हता.

३

केदार किचनच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता.

"काल पोलीस यायच्या आधी तू फोटो काढलेस ना? दाखव."

"चॅनेलला पाठवायला काढले, काकू. का?"

"दाखव तर."

त्याने एकेक फोटो मोठा करून दाखवला. पद्मिनीबाई चष्मा नाकावर सरकवून बघत होत्या. पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं, ते तिथे जे नव्हतं ते. बाहेर एवढा चिखल आणि ते फिकट रंगाचं कार्पेट स्वच्छ. एकही ठसा नाही. आलेल्या माणसाने बूट बाहेर काढले होते.

मग काच. दाराची काच फुटून तिचे खड्यांएवढे तुकडे आतभर उडाले होते. फाटलेल्या पोस्टरांच्या वर ते पडले होते, खाली एकही नाही.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "काच आधी फुटली असती तर पोस्टरं तिच्यावर पडली असती. इथे उलट आहे. म्हणजे आधी सगळी नासधूस झाली, मग काच फुटली. तो माणूस काच फोडून आत आलाच नाही. कोड घालून गॅरेजमधून आला, बूट काढले, काम उरकलं, बाहेर गेला, बूट घातले आणि मग डेकवरून काच फोडली."

केदारने फोटो आणखी मोठा केला. "वॉल्टरला कोड माहीत आहे."

"वॉल्टर पाणी घालायला आला की त्याच्या बुटांचे डाग नंदा आठवडाभर घासत बसायची. विसरलास? आणि त्याने गणपती वस्त्रासकट उचलून ठेवला असता का रे?" त्यांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "कोड अजून कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला." तो म्हणाला. "गिरीशकाकांना. आणि घरच्यांना. काकू, माझ्यावर संशय घेताय? फायदा आम्हाला झाला म्हणून?"

"चॅनेलला पोलिसांच्या आधी फोन तूच केलास."

"हो, केला! ते माझं कामच आहे. पण मी अख्खी दुपार नंदाताईंबरोबर होतो. रस्त्याच्या या बाजूची दारं त्या वाजवत होत्या, त्या बाजूची मी. विचारा त्यांना, एक क्षण नजरेआड झालो का."

ते खरं होतं. नंदाने तसंच सांगितलं होतं.

राहिला गिरीश. संजीवचा कॉलेजातला मित्र, बुटका, गोलमटोल, बोलका. खरं तर कौन्सिलला आपण उभं राहावं असं त्याच्या मनात होतं. गावातल्या मराठी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी नंदाचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तोच पुढे होता आणि नंतर प्रचाराला फिरकेनासा झालेलाही तोच. पद्मिनीबाईंनी भिंत पुन्हा आठवली. अक्षरं विचित्र ठिकाणी होती. वर सगळी भिंत मोकळी आणि लिहिलेलं मात्र जेमतेम उंच माणसाच्या छातीच्या उंचीवर. माणूस उभ्याने लिहितो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर लिहितो. ते डोळे गिरीशच्या उंचीचे होते.

त्यांनी त्याला फोन लावला. तो घरी नव्हता, म्हणून काल दुपारी कुठे होतास असा निरोप त्यांनी ठेवला. तासाभरात तो स्वतःच त्यांच्या ड्राइव्हवेवर येऊन उभा राहिला. चेहरा घामेजलेला.

"ताई, काल दुपारी मी कुठे होतो ते नंदाला सांगू नका," तो म्हणाला. "मी तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाकडे होतो."

४

गिरीशने सगळं सांगितलं. प्रतिस्पर्ध्याने त्याला घरी बोलावलं होतं. झोनिंग बोर्डावर, म्हणजे गावात कुठे काय बांधायचं ते ठरवणाऱ्या समितीवर, जागा देतो, तुमच्या लोकांची मतं थोडी फोडा, असा सौदा होता. दुपारभर तो त्याच्या दिवाणखान्यात कॉफी पीत बसला होता, त्याच्या बायकोसमोर, आणखी चार माणसांसमोर.

"हो म्हणालास?"

"नाही म्हणालो नाही," गिरीश मान खाली घालून म्हणाला.

पद्मिनीबाईंना त्याचा राग आला, पण संशय गेला. स्वतःला वाचवण्यासाठी खोटं बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ बघितली होती. आपलंच तोंड काळं होईल असं खोटं मात्र कोणी सांगत नाही.

मग ती अक्षरं कोणाची?

संध्याकाळी रायरीकरांकडे माणसांची ये-जा चालूच होती. संजीव किचनमध्ये एकटाच खिचडी टाकत होता. पद्मिनीबाई मदतीला म्हणून आत गेल्या.

"काकू, जरा त्या स्टुलावर चढून वरचं मोठं पातेलं काढून देता?"

त्या स्टूल ओढायला लागल्या आणि थबकल्या. सहा फुटांचा माणूस, ज्याचं डोकं कपाटाला टेकतं, तो पासष्टीच्या बाईला स्टुलावर चढायला सांगत होता.

"तुझा हात पोचेल की रे."

"उजवा वर जात नाही. खांद्याच्या वर नाहीच. डाव्याने एवढं जड पेलत नाही." तो डाळ ढवळत राहिला. "दोन हजार एकचा अपघात. गाडीचा."

"अगंबाई, हे मला ठाऊकच नव्हतं. क्लेमचं सगळं नीट झालं ना? न्यू जर्सीत चूक कोणाचीही असो, आपलीच विमा कंपनी डॉक्टरचं बिल भरते."

"मी क्लेम केला नाही."

"कायमचा हात गेला आणि क्लेम नाही?"

"कोण भानगडीत पडणार," संजीव म्हणाला आणि त्याने गॅस बारीक केला. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

पद्मिनीबाईंनी पातेलं काढून दिलं. मग त्या बाहेर येऊन नंदाला कोपऱ्यात घेऊन गेल्या.

"संजीवचा अपघात झाला तेव्हा तू कुठे होतीस?"

"नागपूरला. बाबा वारले होते ना. मग सप्टेंबरमधलं ते सगळं झालं, विमानं बंद, मी आमच्या इलाला घेऊन तिकडेच अडकले. परत आले तेव्हा याचा हात गळ्यात बांधलेला." तिने खांदे उडवले. "का हो?"

"गाडी बघितलीस?"

कितीतरी वर्षांनी ती काहीतरी आठवून बघत होती.

"गाडीला काहीच झालं नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "मी तेव्हा कधी विचारलंच नाही."

५

सोमवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं. नंदा आणि केदार स्टेशनवर न्यूयॉर्कला जाणाऱ्या लोकांना पत्रकं वाटायला गेले होते. पद्मिनीबाई आत गेल्या तेव्हा फॅमिली रूममध्ये संजीव भिंतीला पांढरा रंग देत होता. रोलर डाव्या हातात. एक हात देऊन झाला होता, तरी खालून लाल अक्षरं गुलाबी होऊन वर येत होती. रंगाचा पट्टा त्याच्या छातीपर्यंत होता. त्यावरची भिंत त्याने तशीच सोडली होती.

पद्मिनीबाई पायरीवर बसल्या.

"संजीव, पोस्टरं सगळी फाडली होती. पण एकाही पोस्टरवर नंदाचा चेहरा फाटला नव्हता. नावावरून फाडलं, कडेने फाडलं, चेहरा मात्र दर वेळी वाचवला. द्वेष करणारा माणूस आधी चेहरा फाडतो रे."

रोलर थांबला.

"घरात येताना बूट काढणारा. गणपती उचलून ठेवणारा. कोड माहीत असलेला. असे तिघं-चौघं आहेत. त्यातला केदार नंदाच्या नजरेसमोर होता आणि गिरीश कुठे होता ते मला कळलंय. अक्षरं खाली होती म्हणून मी बुटका माणूस शोधत होते. पण ज्याचा लिहायचा हात खांद्याच्या वर जातच नाही, तो कितीही उंच असला तरी तिथेच लिहिणार."

संजीवने रोलर ट्रेमध्ये ठेवला. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला, आणि ओला रंग त्याच्या शर्टाला लागला तरी त्याला कळलं नाही.

"त्या वर्षी मी गॅस भरायला थांबलो होतो," तो म्हणाला. "नंदा तिकडे. मी एकटा. तिघं होते. मी कोण, कुठला, कोणी विचारलं नाही. मला खाली पाडलं आणि बुटांनी... दर लाथेला एकच म्हणायचे. गो होम. गो होम. पंपावरचा पोरगा आत जाऊन दार लावून बसला होता."

"पोलिसात का नाही गेलास?"

"आमचे नागरिकत्वाचे कागद अडकलेले होते. कुठेही नाव नको यायला असं वाटलं. आणि लाज वाटली, काकू. नंदाला काय सांगणार? मी ठरवलं, आता कोणाच्या नजरेत यायचं नाही. माना खाली घालून जगायचं. आणि हिने आपला चेहरा साऱ्या गावाच्या हिरवळीवर लावला." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "शनिवारी एडिसनला निघण्याआधी मी कोपऱ्यावर पाटी ठोकत होतो. एक पिकअप ट्रक हळू झाला. आतून गरम कॉफीचा ग्लास फेकला माझ्या अंगावर. आणि तेच दोन शब्द. मी गाडीत बसलो, वडे घेतले, परत आलो, घर रिकामं होतं. वॉल्टरच्या गॅरेजमधून आकाशकंदिलाच्या सांगाड्यासाठी महिन्यापूर्वी आणलेला स्प्रे समोर होता. मला वाटलं, ती घाबरेल. सोडून देईल. बस."

"आणि तिने सोडलं नाही."

"उलट लोक तिच्या मागे उभे राहिले. मला काय माहीत!"

"वॉल्टरला घेऊन गेले, तेव्हा तुला माहीत होतं," पद्मिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तेव्हाही तू गप्प बसलास."

संजीवने तोंड ओंजळीत धरलं. "निवडणूक झाली की सांगणार होतो. आत्ता सांगितलं तर ती... काकू, एक गोष्ट कोणालाच बोललो नाही. त्या भिंतीवर मी दुसऱ्या कोणाचं वाक्य लिहिलं नव्हतं. मलाच घरी जायचंय. सहा वर्षं झाली. रोज."

वरच्या पायरीवर पत्रकांचा गठ्ठा पडल्याचा आवाज झाला. नंदा दारात उभी होती. ती कधी आली, कोणालाच कळलं नव्हतं.

६

केदारने हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. "नंदाताई, एक दिवस! फक्त एक दिवस! उद्या मतदान होऊ दे, परवा सकाळी सांगू. आपण जिंकतोय. कोणाचं काय बिघडणार आहे?"

"वॉल्टरचं," नंदा म्हणाली.

"त्याने तुम्हाला काय काय ऐकवलंय—"

"ऐकवलं ना? मग त्याबद्दल मी त्याच्याशी भांडेन. जे त्याने केलं नाही त्याबद्दल नाही." तिने गाडीची किल्ली उचलली. संजीवकडे न बघता ती म्हणाली, "कोट घाल. बाहेर गार आहे."

पोलीस स्टेशनात डिटेक्टिव्हने संजीवला विचारलं, हे का केलंत. संजीवने पेट्रोल पंपापासून सुरुवात केली. नंदा शेजारच्या खुर्चीत होती. बाहेर बाकावर बसलेल्या पद्मिनीबाईंना दाराच्या काचेतून तिची पाठ तेवढी दिसत होती. सुरुवातीला ती ताठ होती. मधेच कधीतरी ती वाकली, आणि तिचा हात संजीवच्या उजव्या खांद्यावर गेला आणि तिथेच राहिला.

संध्याकाळच्या बातम्यांत नंदा स्वतः उभी राहिली. कारण सांगितलं नाही, नवऱ्याची बाजू मांडली नाही. "माझ्या घरातल्या माणसाने केलं. मिस्टर होलब निर्दोष आहेत. मी त्यांची माफी मागते," एवढंच ती बोलली. मंगळवारी सकाळपर्यंत गल्लीतल्या निळ्या पाट्या कोणी कोणी गुपचूप उपटून टाकल्या होत्या. ज्यांनी फुलं आणली होती, ते मान फिरवून गाडीत बसत होते. मंडळातल्या बायकांनी फोन उचलणं बंद केलं. आता सगळ्यांकडेच लोक संशयाने बघतील, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते अगदीच खोटं नव्हतं. नंदा सपाटून हरली.

संजीवला दंड झाला, समाजसेवेची शिक्षा झाली. त्यांची मुलगी इला कॉलेजातून घरी आली ती बापाशी एक अक्षर न बोलता परत गेली. त्या वर्षी रायरीकरांच्या दारात कंदील लागला नाही.

फायर हाउसने वॉल्टरला सन्मानाने परत बोलावलं. चीफ स्वतः पेजर घेऊन त्याच्या घरी गेला. वॉल्टरने तो घेतला नाही. फेब्रुवारीत त्याच्या घरापुढे विक्रीची पाटी लागली आणि बर्फ वितळायच्या आत सामानाचा ट्रकही आला.

पद्मिनीबाई निरोप द्यायला गेल्या. खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. वॉल्टर शेवटची खोकी दोरीने बांधत होता.

"मुलीकडे?"

"ओहायोला. ती म्हणते, वरची खोली रिकामी आहे." त्याने गाठ ओढली. "इथे आता मी कोणाकडे बघितलं की मला वाटतं, यानेही त्या दोन दिवसांत ते खरं मानलं होतं. मानलंच होतं सगळ्यांनी."

पद्मिनीबाईंनी दोरीचं दुसरं टोक धरलं. रायरीकरांच्या किचनच्या खिडकीत दिवा होता. संजीव तीनदा माफी मागायला आला होता. तिन्ही वेळा वॉल्टरने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि पुन्हा लावलं.

ट्रक सुरू झाला. वॉल्टर आपल्या जुन्या गाडीत बसला आणि त्याने काच खाली केली.

"मिसेस सोहोनी, मी तिला मत दिलं."

"नंदाला?"

"शेतं विकून घरं बांधण्याबद्दल तिचं म्हणणं मला आजही पटत नाही. पण सोमवारी ती टीव्हीवर उभी राहिली. दुसरा कोणीही बुधवारपर्यंत थांबला असता. मीसुद्धा." त्याने समोरच्या काचेवरचं बर्फ हाताने पुसलं.

"हे तिला सांगू?"

वॉल्टरने रस्त्याच्या वळणाकडे बघितलं.

"मी वळणावरून पलीकडे गेल्यावर सांगा," तो म्हणाला आणि काच वर केली.

गाडी ट्रकच्या मागोमाग गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत पद्मिनीबाई थंडीत उभ्या राहिल्या. मग शाल डोक्यावरून घेऊन, घसरू नये म्हणून जपून पावलं टाकत, त्या रायरीकरांच्या दाराकडे चालायला लागल्या.